आजोबा पलटणीत होते, पण रेकॉर्डमध्ये नाव नाही: नोकरीचा आणि मूळ गावाचा माग कसा काढावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांचे वडील दुसऱ्या महायुद्धात ‘मराठा पलटणीत’ होते, इटलीत होते, १९४६ मध्ये घरी आले, मग मुंबईत गिरणीत लागले आणि १९७९ मध्ये वारले. पेन्शन नव्हतं. घरात दोन मेडलं आणि गणवेशातला एक फोटो आहे. मूळ गाव ‘सातारा जिल्ह्यात कुठेतरी’, गावाशी संबंध तुटून दोन पिढ्या झाल्या. रेकॉर्ड ऑफिसला नाव कळवून ईमेल केला, तर ‘अभिलेख उपलब्ध नाही’ एवढंच उत्तर आलं. आता आजोबांची नोकरी आणि घराण्याचं गाव या दोन्हींचा शोध कुठून सुरू करायचा?

हे दोन वेगळे शोध नाहीत. भरतीच्या वेळी सैन्य शिपायाचा नंबर, नाव, बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा आणि जात लिहून घेत असे. म्हणजे लष्करी कागद हाती आला की गाव सापडतं, आणि गावचा कागद सापडला की लष्करी कागदातला माणूस आपलाच आहे का हे ताडून पाहता येतं. खरी अडचण कागद मिळण्यात जेवढी आहे तेवढीच ओळख पटवण्यात आहे. सातारा-रत्नागिरीकडून त्या युद्धात गेलेल्यांत एकाच नावा-आडनावाचे कितीतरी जण होते. त्यामुळे नंबर, बापाचं नाव आणि गाव यांपैकी निदान दोन गोष्टी जुळल्याशिवाय कुठलीही नोंद ‘आपली’ म्हणू नका. नुसत्या नावावरून दुसऱ्याच्या आजोबांना घरी आणणारे बरेच असतात, आणि एकदा वंशावळीत घुसलेलं चुकीचं नाव नंतर बाहेर निघत नाही.

आधी त्या उत्तराबद्दल. ‘अभिलेख उपलब्ध नाही’ म्हणजे असा माणूस नोकरीत नव्हता, असं नव्हे. शिपायाच्या नोकरीची मुख्य फाइल म्हणजे शीट रोल. भरती, बढत्या, बदल्या, रजा, शिक्षा, परदेशातली सेवा, सुटका हे सगळं त्यात असतं. जे पेन्शनशिवाय सुटले त्यांचे शीट रोल २५ वर्षं ठेवून नष्ट करावेत असा सैन्याचा नियम आहे. शिपायाच्या पेन्शनला साधारण १५ वर्षांची नोकरी लागते, आणि युद्धकाळात भरती होऊन १९४६ मध्ये सुटलेल्यांची नोकरी पाच-सहा वर्षांचीच. म्हणजे तुमच्या आजोबांचा शीट रोल १९७१ च्या आसपास, ते हयात असतानाच, गेला असणार. त्याच्यामागे धावून उपयोग नाही.

मात्र लाँग रोल नावाचं एक रजिस्टर कायम ठेवायचं असतं. त्यात प्रत्येकाची मोजकीच माहिती असते: नंबर, हुद्दा, नाव, भरती आणि सुटका, बऱ्याचदा बापाचं नाव आणि पत्ता. तुम्हाला मागायचा आहे तो या लाँग रोलचा उतारा. पण नंबराशिवाय त्यातून एक माणूस काढणं जवळजवळ अशक्य आहे. ईमेलमध्ये तुम्ही नाव दिलं, नंबर दिला नाही. तिथल्या कारकुनापुढे त्या नावाचे डझनभर शिपाई असू शकतात. म्हणून पहिलं काम नंबर मिळवायचं.

नंबर बहुधा तुमच्या घरातच आहे. दुसऱ्या महायुद्धाची मेडलं ब्रिटिश सैनिकांना नाव न कोरता दिली गेली, पण हिंदी सैन्याच्या मेडलांवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटणीचं संक्षिप्त नाव बहुधा ठोकलेलं असतं. गोल मेडल असेल तर कडेवर पाहा, सहा टोकांचा तारा असेल तर मागच्या बाजूला. त्याआधी एक करा: मेडल घासू नका. पितांबरी, चिंच, राख काहीही नको. अक्षरं उथळ असतात आणि दरवर्षी दसऱ्याला पुसपुसून कित्येक घरांत ती निम्मी झिजलेली आहेत. कोरड्या सुती कापडाने धूळ काढा, खोलीत अंधार करा, मोबाइलचा टॉर्च मेडलच्या अगदी पातळीत, आडवा धरा आणि मेडल थोडं थोडं फिरवत फोटो काढा. वरून प्रकाश टाकला तर काही दिसत नाही. आडव्या प्रकाशात अक्षरांच्या खाचांत सावली पडते. तरीही नाही जमलं तर पातळ कागद कडेवर घट्ट धरून मऊ शिसपेन्सिल आडवी फिरवा. ३ आणि ८, ६ आणि ८ यांत गोंधळ होतोच. शंका असलेला आकडा दोन्ही प्रकारे लिहून ठेवा, एक पक्का धरून दुसरा विसरू नका.

नाव इंग्रजीत असेल आणि आज आपण लिहितो तसं नसेल. ज्ञानू, दगडू, धोंडू ही नावं साहेबाच्या कानाला जशी लागली तशी उतरली. ‘पवार’ ‘पोवार’ होतो, ‘जाधव’ ‘जाधाव’ किंवा ‘जाडो’. इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणाऱ्या नाईक यशवंत घाडगे यांचं नावसुद्धा सरकारी कागदात ‘येशवंत’ आहे. हे स्पेलिंग जसंच्या तसं उतरवा. पुढच्या प्रत्येक अर्जात आधी तेच द्यायचं, आजचं घरचं स्पेलिंग दुसऱ्या ओळीत.

मेडल कुठलं आहे हेही बघा, फितीवरून नव्हे, कारण फिती बदललेल्या असतात, ताऱ्यावरच्या मजकुरावरून. इटली स्टार ११ जून १९४३ ते ८ मे १९४५ या काळातल्या तिथल्या सेवेसाठी. आफ्रिका स्टार १० जून १९४० ते १२ मे १९४३. बर्मा स्टार ११ डिसेंबर १९४१ ते २ सप्टेंबर १९४५. वॉर मेडल आणि इंडिया सर्व्हिस मेडल यांवरून आघाडी कळत नाही. देश न सोडलेल्यांनाही ती मिळाली.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. घरात ‘आजोबा इटलीत होते’ असं सांगतात, पण मेडल आफ्रिका स्टार आहे आणि इटली स्टार नाही, असं निघालं तर ते इटलीत लढायला नव्हे, युद्धकैदी म्हणून असण्याची दाट शक्यता आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी पलटण ११ व्या हिंदी ब्रिगेडबरोबर उत्तर आफ्रिकेत तोब्रुकला होती, आणि जून १९४२ मध्ये तोब्रुक पडलं तेव्हा कैद झाली. तिथल्या हिंदी कैद्यांना इटलीतल्या छावण्यांत नेलं; सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शस्त्र खाली ठेवल्यावर अनेकांना जर्मनांनी उचललं. मे १९४४ मध्ये फ्रान्समधल्या एपिनालच्या छावणीवर बॉम्ब पडले तेव्हा निसटलेल्या हिंदी कैद्यांपैकी शेकडो जण स्वित्झर्लंडमध्ये पोहोचले. घरी आल्यावर यातलं फारसं कोणी बोलत नसे, ‘इटलीत होतो’ एवढ्यावर विषय संपे. कैदी असल्याचा अंदाज आला तर जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसच्या अभिलेखागाराकडे विचारणा करा. ते वर्षातून ठरावीक दिवशीच मर्यादित अर्ज घेतात, तेव्हा अर्ज आधीच तयार ठेवा. ‘आजोबा आझाद हिंद सेनेत होते’ ही गोष्टही अशीच तपासायची: कैद कुठे झाली? सिंगापूर-मलायात की उत्तर आफ्रिकेत? पूर्वेकडची आझाद हिंद सेना आणि जर्मनीतली हिंदी तुकडी या वेगळ्या गोष्टी आहेत, कागदही वेगळ्या जागी आहेत. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातले आझाद हिंदचे बरेच कागद ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर पाहता येतात.

आता फोटो. बाहीवर एक फीत असेल तर लान्स नाईक, दोन असतील तर नाईक, तीन हवालदार. खांद्यावर एक तारा म्हणजे जमादार, दोन म्हणजे सुभेदार. आजोबा जमादार किंवा सुभेदार असतील तर काम फार सोपं, कारण त्यांची नावं छापील ‘इंडियन आर्मी लिस्ट’मध्ये पलटणवार येतात. दंडाच्या वरच्या भागात डिव्हिजनचं चिन्ह असतं. काळ्या-पांढऱ्या फोटोत रंग नाही, पण आकार कळतो. गरुड म्हणजे चौथी, झुंजणारा कोंबडा म्हणजे तेविसावी, मांजर म्हणजे सतरावी, क्लोव्हरची तीन पानं म्हणजे आठवी. फ्रेममधून फोटो बाहेर काढून मागची बाजूही बघा. स्टुडिओचा शिक्का, गावाचं नाव, पेन्सिलने लिहिलेला नंबर तिथे असतो आणि फ्रेम करताना तो झाकला जातो.

घरच्या बोलण्यातली ‘मराठा पलटण’ म्हणजे मराठा लाइट इन्फन्ट्रीच, असं धरून चालू नका. मराठी मुलूखातली माणसं बॉम्बे सॅपर्समध्ये (लष्करी अभियंत्यांत) होती, मजुरी-बांधकामाच्या पायोनियर कोअरमध्ये होती, रसद पोहोचवणाऱ्या आर.आय.ए.एस.सी.त ड्रायव्हर आणि खेचरवाले होती, तोफखान्यात होती. महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावातच उभी राहिली. कोकणातले कितीतरी जण नौदलात. रेकॉर्ड ऑफिस प्रत्येकाचं वेगळं आहे: मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगाव, सॅपर्सचं खडकी, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशातलं सागर, तोफखान्याचं नाशिक रोड, सिग्नल्सचं (संदेशवहन) जबलपूर, आर्मी सर्व्हिस कोअर (तेव्हाचं आर.आय.ए.एस.सी.) आणि पायोनियरचं बंगळूर, ऑर्डनन्स (शस्त्र-सामानाचा साठा) आणि ई.एम.ई.चं (यंत्र-वाहनांची दुरुस्ती) सिकंदराबाद, मेडिकल कोअरचं लखनौ. नौदलाच्या खलाशांची नोंद मुंबईत मानखुर्दच्या ब्युरो ऑफ सेलर्सकडे. चुकीच्या दारात विचारलं की ‘नोंद नाही’ हेच उत्तर येणार, आणि ते खरंही असतं. संस्थानी फौजेचा प्रश्न अजून निराळा. कोल्हापूर आणि बडोद्याच्या फौजा स्वातंत्र्यानंतर मराठा लाइट इन्फन्ट्रीत सामील झाल्या, पण त्याआधीचे कागद शोधायला संस्थानी दप्तरंच बघावी लागतात, म्हणजे कोल्हापूर किंवा बडोद्याचं पुराभिलेखागार.

नंबर हाती आला की दुसरा अर्ज करा, आणि तो ईमेलने नको, स्पीड पोस्टाने. वर ठळक: नंबर, हुद्दा, नाव (मेडलवरच्या स्पेलिंगने), पलटण. खाली बापाचं नाव, माहीत असेल ते गाव-तालुका, भरती आणि सुटकेची अंदाजे वर्षं. मागणी स्पष्ट आणि एकच: ‘लाँग रोलमधील नोंदीचा उतारा’. ‘आजोबांची सर्व माहिती द्यावी’ असं लिहिलं की अर्ज शीट रोलच्या टेबलावर जातो आणि पुन्हा तेच उत्तर येतं. सोबत आजोबांचा मृत्यूचा दाखला, वडिलांचा जन्माचा किंवा शाळा सोडल्याचा दाखला आणि तुमचं ओळखपत्र, म्हणजे नातं सिद्ध होतं. महिना-दीड महिना उत्तर नाही आलं तर माहिती अधिकारात, १० रुपये फी भरून, तोच मजकूर. तिथेही नात्याचे पुरावे जोडा. नाहीतर त्रयस्थ व्यक्तीची खासगी माहिती म्हणून अर्ज नाकारला जाऊ शकतो.

याच्याबरोबरीने एक दार जवळचं आहे आणि ते सहसा कोणी ठोठावत नाही: जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. दुसऱ्या महायुद्धातल्या, पेन्शन नसलेल्या माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना राज्य सरकार दरमहा मानधन देत आलं आहे. तुमचे आजोबा १९७९ मध्ये गेले, पण आजी त्यानंतर किती वर्षं होत्या? त्यांनी कधी असा अर्ज केला असेल तर त्याच्याबरोबर डिस्चार्ज सर्टिफिकेटची प्रत जोडलेली असणार, आणि त्यावर नंबर, बापाचं नाव, गाव, तालुका, भरतीची तारीख, उंची, अंगावरच्या खुणा, सगळंच. आजी जिथे राहत होत्या त्या जिल्ह्यात विचारायचं, फक्त साताऱ्यात नाही. मूळ डिस्चार्ज सर्टिफिकेट घरात असण्याचीही आशा सोडू नका. लोकांनी ते रेशनकार्ड, चाळीच्या भाडेपावत्या आणि गिरणीचे कागद यांच्याबरोबर ठेवलेलं असतं; देवघराच्या ड्रॉवरात कमी, जुन्या पत्र्याच्या ट्रंकेत जास्त. चुलत घरी चौकशी करा. मोठ्या मुलाकडे कागद गेलेले असतात.

पलटण पक्की झाली की आजोबा कुठे कुठे गेले हे बऱ्यापैकी कळतं. इटलीत मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण आणि यंत्रबंदुकांची पाचवी (रॉयल) पलटण आठव्या हिंदी डिव्हिजनमध्ये होत्या, तिसरी दहाव्या डिव्हिजनमध्ये. यशवंत घाडगे तिसरीचे, त्यांचं व्हिक्टोरिया क्रॉस १० जुलै १९४४ च्या वरच्या टायबर खोऱ्यातल्या लढाईचं. नामदेव जाधव पहिलीचे, ९ एप्रिल १९४५, सेनिओ नदी. पलटणीच्या युद्ध-दैनंदिन्या लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत: इटलीच्या डब्ल्यू.ओ. १७० या मालिकेत, मध्यपूर्वेच्या १६९ मध्ये, ब्रह्मदेशाच्या १७२ मध्ये. दिल्लीत संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागाकडेही त्या काळचे पलटणींचे कागद आहेत, परवानगी काढून बघता येतात. पण अपेक्षा माफक ठेवा. दैनंदिनीत अधिकाऱ्यांची नावं येतात, शिपायाचं क्वचितच. ‘आय.ओ.आर. ३ ठार, ११ जखमी’ असा हिशोब असतो, म्हणजे हिंदी इतर हुद्द्यांचे. आजोबा त्या अकरांत होते का हे दैनंदिनी सांगणार नाही. शौर्यपदक मिळालं असेल तर मात्र डब्ल्यू.ओ. ३७३ मध्ये शिफारस मिळते आणि ‘लंडन गॅझेट’ या ब्रिटिश राजपत्रात नाव, गॅझेट घरबसल्या फुकट शोधता येतं.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनचं संकेतस्थळ लोक सगळ्यात आधी उघडतात. तिथे फक्त युद्धकाळात गेलेले आहेत, दुसऱ्या युद्धासाठी १९४७ अखेरपर्यंतचे. तुमचे आजोबा परत आले, म्हणून ते तिथे नसणार. तरीही साइट दोन कामांना येते. एक, त्याच नावाचा दुसरा शिपाई वेगळा काढायला. दोन, गावासाठी: तिथल्या बऱ्याच नोंदींत ‘अमक्याचा मुलगा, अमुक गाव, सातारा’ असं लिहिलेलं असतं, त्यामुळे तुमच्या आडनावाचे शिपाई त्या पलटणीत कुठल्या गावांतून आले याची एक कच्ची यादी होते. भावकीतली पोरं एकमेकांच्या मागून भरतीला जात, म्हणून ही यादी बघण्यासारखी असते. पहिल्या युद्धाबाबत पंजाबच्या सैनिकांची गाववार रजिस्टरं आता ऑनलाइन आहेत. ती पंजाबपुरतीच आहेत, त्यात मराठी आजोबा शोधण्यात वेळ घालवू नका.

आता गाव. ‘सातारा’ हा शब्द जपून वाचा. १९४९ पूर्वीचा सातारा जिल्हा आजच्यापेक्षा बराच मोठा होता. वाळवा, शिराळा, तासगाव, खानापूर हे तालुके त्यात होते. मग दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. शिवाय मधूनमधून औंध, फलटण, भोर, जत अशी संस्थानं. आटपाडी औंधात होती. तेव्हा आजच्या साताऱ्याच्या यादीत गाव सापडलं नाही तर सांगलीत बघा. कोकणातही तेच: कुलाबा म्हणजे रायगड, आणि जुन्या रत्नागिरीत आजचं सिंधुदुर्ग आलं, ते १९८१ पर्यंत. लष्करी कागदात जातीपुढे ‘डेक्कनी’ की ‘कोकणी’ मराठा हेही लिहिलेलं असे. घरचे सातारा म्हणतात आणि कागद कोकणी म्हणतो, असं झालं तर जावळी-पाटणच्या डोंगरपट्ट्यापासून सुरुवात करा.

तिथून आणखी एक शक्यता निघते. कोयनेच्या धरणात १९६० च्या दशकात तिकडची कित्येक गावं बुडाली आणि माणसं ठाणे, रायगड, रत्नागिरीपर्यंत वसवली गेली. ‘गावाशी संबंध तुटला’ याचं कारण कधी कधी एवढंच असतं की गावच राहिलं नाही. अशा वेळी पुनर्वसित गावठाणात जुन्या गावाचंच नाव असतं आणि भावकी तिथे भेटते. पुनर्वसन कार्यालयातल्या बाधितांच्या याद्यांत कुटुंबप्रमुखांची नावं असतात.

मुंबईत मात्र गावाचा सगळ्यात जिवंत पुरावा सापडतो. लालबाग-परळ-वरळीत गावोगावची ग्रामस्थ मंडळं आणि गावकीच्या खोल्या होत्या. गिरणीत येणारा माणूस आधी गावकीच्या खोलीत पथारी टाकायचा. मंडळांच्या वर्गणीच्या वह्या, देवळाच्या जीर्णोद्धाराच्या पावत्या, यात्रेच्या पत्रिका अजूनही कुणाकडे तरी असतात. आजोबा कुठल्या चाळीत राहायचे हे वडिलांना आठवत असेलच. त्या चाळीत कुठल्या गावची माणसं जास्त होती ते विचारा. कुलदैवत, देवक आणि गावची यात्रा कधी असायची, हेही घरच्या बायकांना विचारा. आत्या आणि चुलत्या हे पुरुषांपेक्षा नेमकं सांगतात, कारण लग्नं जुळवताना त्यांनाच ते लागायचं.

गावाची दोन-तीन नावं हाती आली की तहसील कार्यालयात कोतवाल बुकाची नक्कल मागा, म्हणजे गाव नमुना नंबर १४, जन्म-मृत्यूची नोंद. रजिस्टर गाववार आणि वर्षवार असतं. जन्मवर्ष म्हणून डिस्चार्ज सर्टिफिकेटवरचं वय पक्कं धरू नका. भरतीच्या वेळी वय अंदाजे लिहिलं जाई आणि पोरं वाढवूनही सांगत. आधी-नंतर चार-चार वर्षं मागा. नोंदीत बाळाचं नाव बहुधा नसतंच, कारण बारसं व्हायच्या आत नोंद व्हायची. ‘मुलगा’ आणि बापाचं नाव एवढंच. म्हणून शोध पणजोबांच्या नावाने करायचा. ते ‘रामा बिन सखाराम’ (सखारामाचा मुलगा रामा) असं असेल, आडनाव असेलच असं नाही; बाई असेल तर ‘गंगू कोम रामा’ (रामाची बायको गंगू). मुंबईत पाटील म्हणवणारं घर गावच्या कागदात निराळ्याच आडनावाचं निघू शकतं. त्यासाठी शाळेचं जनरल रजिस्टर हाताशी असलेलं बरं. आजोबा दोन इयत्ता शिकले असले तरी त्यात त्यांचं पूर्ण नाव, जात, जन्मगाव आणि शाळा सोडल्याचं कारण मिळेल.

हल्ली या शोधात एक अनपेक्षित मदत झाली आहे. २०२३ पासून कुणबी नोंदी शोधण्याच्या मोहिमेत जिल्ह्याजिल्ह्यांनी जुनी कोतवाल बुकं, शाळेची रजिस्टरं, महसुली कागद बाहेर काढून स्कॅन केले आणि गाववार याद्या जिल्ह्याच्या संकेतस्थळांवर टाकल्या. तुम्हाला जातीच्या दाखल्याशी काही कर्तव्य नसलं तरी १९६७ पूर्वीच्या कागदांचा हा मोठा साठा आहे. यादीत नाव नाही म्हणून कागदात नाही असं समजू नका. याद्या कुणबी उल्लेखाच्याच आहेत.

जमीन असेल तर सातबाऱ्यावरून मागे मागे जायचं. आजचा सातबारा तुम्हाला फारसं सांगणार नाही, फेरफार सांगतील. पणजोबा वारल्यावर झालेला वारसाचा फेरफार बघा. त्यात सगळे मुलगे वयासह येतात, मुंबईला असलेलेही. पण सातबाऱ्यावर थोरल्या भावाच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ असेल, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, तर धाकट्यांची नावं तिथे दिसणार नाहीत आणि तुमचे आजोबा धाकटे असतील तर ‘आमचं नावच नाही’ असं वाटेल. हक्कनोंदणीचा कायदा मुंबई इलाख्यात १९०३ चा. त्याआधीसाठी कडईपत्रक, कोकणात बोटखत, या जमिनीच्या जुन्या नोंदवह्या. ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर बऱ्याच जिल्ह्यांचे जुने सातबारे आणि फेरफार स्कॅन करून ठेवले आहेत, तिथे आधी बघा, मग तहसीलला जा. गटवारी झाली तिथे जुना सर्व्हे नंबर आणि आजचा गट नंबर वेगळे असतात, त्याचा मेळ घालणारा उतारा भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो. हे सगळं पश्चिम महाराष्ट्राचं झालं. मराठवाड्यात निजामी कागद उर्दूत आणि फसली सनात असतात (फसलीत ५९० मिळवले की इसवी सन साधारण येतो), विदर्भातली कागदांची नावंही निराळी.

त्याच्या मागे जायचं तर सरकारी कागद थांबतात आणि उपाध्यांच्या वह्या सुरू होतात. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर इथल्या क्षेत्रोपाध्यांकडे गाव आणि आडनाव सांगितलं की घराण्याचा लेख निघतो. कोण कधी आला, बरोबर कोण होतं, कुणाच्या अस्थी आणल्या. गाव माहीत नसताना जाण्यात अर्थ नाही, वही गावावरूनच उघडते. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी लोक सुगीनंतर घरोघर येऊन वंश सांगतात. त्यांची पोथी जुन्या पिढ्यांना बरीच धरून असते, पण वरच्या टोकाला एखाद्या राजघराण्याशी नेऊन जोडण्याची हौस असते, ती तेवढी वगळा.

जुने कागद मोडीत असतील, कित्येक ठिकाणी १९४० पर्यंतचेही. पुराभिलेख खात्याचे प्रशिक्षित मोडी वाचक जिल्ह्याजिल्ह्यात आहेत. पैसे पानावर ठरवा, आणि त्यांच्याकडून नुसता सारांश घेऊ नका. मूळ ओळ न ओळ देवनागरीत उतरवून घ्या, न लागलेल्या शब्दाच्या जागी रेघ मारायला सांगा. वाचकाने अंदाजाने भरलेलं ‘सखाराम’ मूळ कागदात ‘सदाराम’ असेल, तर तुमचा पणजोबाच बदलतो.